धायटीवरचा आळ : न लागलेल्या अशोकारिष्टाचं प्रकरण

जुन्नर तालुक्यात, घाटमाथ्याच्या अलीकडच्या एका गावात, एक वैद्य स्वतःच्या रुग्णांपुरती औषधं घरीच करतात. वडिलांपासून चालत आलेला शिरस्ता आहे. जानेवारीत त्यांनी अशोकारिष्ट, म्हणजे अशोकाच्या सालीच्या काढ्याचं आंबवलेलं औषध, घातलं. महिना उलटला तरी बरणीत हालचाल नव्हती. झाकण उघडलं की गुळाचा आणि काढ्याचा वास यायचा, आंबल्याचा मागमूस नव्हता. कान लावला तर आतून सूं सूं आवाज नाही. पेटती काडी तोंडाशी नेली तर ती विझत नव्हती, म्हणजे कर्बवायू धरलेला नव्हता. चुन्याची निवळीही नितळच राहिली.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि आमची ओळख जुनी आहे. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, यंदा धायटीनं दगा दिला."

हा निवाडा त्यांचा एकट्याचा नाही. अरिष्ट बिघडलं की पहिलं बोट धायटीकडे जातं. फूल जुनं होतं, व्यापाऱ्यानं फसवलं, भेसळ झाली, हे अरिष्ट करणाऱ्या अनेकांच्या तोंडून मी ऐकलं आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. आमच्या डोंगरउतारावरचं हे झुडूप माझ्या विशेष ममत्वाचं आहे आणि त्याच्यावर आळ घेताना निदान चौकशी तरी पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आधी धायटीचं काम काय ते सांगायला हवं. औषधी द्रव्यांचा काढा करून त्यात गूळ किंवा मध घालून आंबवलं की अरिष्ट होतं. न उकळता आंबवलं तर आसव. आंबताना गुळातल्या साखरेचं मद्य होतं, साधारण ५ ते १० टक्के. ते औषधातले काही घटक विरघळवून घेतं आणि औषध टिकवतं. बहुतेक आसवारिष्टांच्या पाठात, म्हणजे ग्रंथातल्या कृतीत, धातकीपुष्प, म्हणजे धायटीचं सुकवलेलं फूल, हटकून असतं. काढा तर उकळलेला, त्यातलं सगळं जिवंत मेलेलं. मग मद्य करणारं किण्व, म्हणजे यीस्ट, येतं कुठून? फुलातून येतं, असं सर्वसाधारण मत आहे. वैद्य म्हणायचे, धायटी म्हणजे अरिष्टाचं विरजण. विरजण वाईट असेल तर दही लागणार नाही, हे ओघानं आलंच.

झुडूप म्हणाल तर पुरुषभर किंवा थोडं जास्त उंच, फांद्या लांब आणि कमानीसारख्या खाली झुकलेल्या. साल तांबूस, पातळ, तिच्या पट्ट्या सुटतात. पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच. पान उलटं करून पाहिलं तर फिकट राखी पृष्ठावर बारीक काळे ठिपके दिसतात. इतर झुडपांतून धायटी ओळखायची ती या ठिपक्यांवरून. कुळ मेंदीचं, डाळिंब आणि तामण हे त्याच घरातले. कातळाच्या पायथ्याशी जिथे माती बोटभर, मुरूम जास्त आणि उन्हाळ्यात पाण्याचं नाव नाही, अशा पानगळीच्या रानात ते मुकाट वाढतं. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीवर पहिल्यांदा येणाऱ्या झुडपांत ते असतं. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, वणवा गेला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. सह्याद्रीच्या उघड्या पडलेल्या उतारांवर धायटीच धायटी दिसते ती यामुळे. त्या दिसण्याला कोणी वैभव म्हणणार नाही, पण त्या उताराची माती जागेवर राहिली आहे त्यात या झुडपाचा वाटा आहे.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फांद्या फुलांनी लाल होतात. आणि इथे एक बारकावा आहे, जो या प्रकरणात पुढे कामाला येतो. लाल दिसते ती पाकळी नव्हे. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीची किंचित वाकडी लाल नळी असते, ती निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेष्टणाची. पाकळ्या सहा, पण इतक्या बारीक की शोधून काढाव्या लागतात. नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध साठलेला असतो. सूर्यपक्षी त्यासाठीच घिरट्या घालतात. रानात फिरणारी पोरंही नळी उपटून चोखतात. परागण झाल्यावर ही नळी गळत नाही. तशीच फांदीवर राहते, आत बोंड धरतं, त्यात बारीक तपकिरी बी. मध संपलेला असतो, पण लांबून पाहणाऱ्याला फूल अजून फूलच दिसतं.

वैद्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी दुकानातून आणलेल्या धायटीची पिशवी माझ्यापुढे ओतली. ती आम्ही वर्तमानपत्रावर पसरून निवडली. रंग विटकरीकडे झुकलेला, काड्या बऱ्याच, पानांचा चुरा, आणि नळ्या चिमटीत दाबल्या की अर्ध्याअधिक नळ्यांतून बोंड बाहेर येत होतं. माल चांगला नव्हता, हे उघड होतं. वैद्यांना आपल्या निदानाला पुरावा मिळाला.

त्यांच्याकडे औषधं कुटायला येणाऱ्या मावशी शेजारच्या ठाकरवाडीतल्या. त्याही निवडायला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, झाडावर लाल दिसतंय म्हनून वरबाडून आनलंय कुनीतरी. आत दाना धरलाय. आता त्यात काय ऱ्हायलंय? म्या आनून देते, माघातलं." आणि त्यांनी दिलंही आणून. तोंड नुकतं उघडलेली फुलं, सावलीत सुकवलेली, लालभडक. फडक्यावर पसरली तेव्हा मधाचा चिकटपणा बोटांना लागत होता. अशी धायटी मी कुठल्या दुकानात पाहिलेली नाही.

त्या फुलांवर वैद्यांनी दुसरी बरणी घातली. माप तेच, गूळ तोच, जागा तीच. आणि दुसरीही बरणी गप्प बसली.

माझ्या दृष्टीनं प्रकरण इथे सुरू झालं. वाईट फुलानं संधान, म्हणजे आंबणं, झालं नाही, याला अर्थ आहे. पण उत्तम फुलानंही झालं नाही, तर दोष दोन्ही बरण्यांत समान असलेल्या कशात तरी असणार. वैद्यांचा संशय गुळावर गेला. गूळ पिवळाधमक होता. रंग उजळायला रस उकळताना हायड्रोसल्फाइटसारखी रसायनं वापरतात, त्यातलं गंधकयुक्त शेष किण्वाला मारक ठरू शकतं. ग्रंथांनी जुना गूळ सांगितला आहे तो वेगळाच. संशय रास्त होता. बरणी चिनी मातीची, धुऊन धुपवलेली, पाऊण भरलेली, तिच्यात काही खोट नव्हती. जानेवारीतली थंडी पहिल्या बरणीला नडली असेल, पण दुसरी भरली तेव्हा दुपारी घरात चांगलं ऊन तापत होतं.

मी सोबत साखरेची तीव्रता मोजायचं हातातलं नळीसारखं यंत्र नेलं होतं, द्राक्ष बागायतदार वापरतात ते. बरणीतला थेंब काचेवर ठेवला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. रेषा चाळिसाच्या वर होती. मी पुन्हा पुसून पुन्हा पाहिलं. वाइनसाठी तोडायच्या द्राक्षांच्या रसात हा आकडा २० ते २५च्या घरात असतो. चाळिसाच्या पुढे म्हणजे ते पातळ पाक झालं. इतक्या साखरेत किण्वाच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ती मरत नाही, पण वाढतही नाही. लोणच्यात मिठानं आणि मुरांब्यात साखरेनं आपण हेच साधतो.

"माप चुकलंय का काका?" मी विचारलं. त्यांनी वही पुढे केली. माप चुकलेलं नव्हतं. भैषज्यरत्नावलीतल्या पाठाप्रमाणे अशोकाची साल एक तुला, पाणी चार द्रोण, ते आटवून एक द्रोण काढा, गूळ दोनशे पल, धायटी सोळा पल, बाकी जिरं, सुंठ, नागरमोथा, त्रिफळा, चंदन वगैरे एकेक पल. पल ४८ ग्रॅमचं धरलं तर साल ४.८ किलो, काढा १२.२८८ लिटर, गूळ ९.६ किलो, धायटी ७६८ ग्रॅम. वैद्यांनी याच्या चौथाईनं घातलं होतं, प्रमाण बरोबर राखून. (साल खऱ्या अशोकाचीच, म्हणजे सीतेच्या अशोकाची होती, बाजारात तिच्या जागी आसुपालवाची साल सर्रास मिळते, म्हणून तेही तपासलं.)

आता हिशेब मांडला. गुळात ८५ टक्क्यांच्या आसपास साखर धरली तर ९.६ किलोत ८ किलोंच्या वर साखर येते. काढा आणि गूळ मिळून वजन २२ किलोंना थोडं कमी. म्हणजे वजनानं साखर ३७ टक्के. यंत्र साखरेबरोबर गुळातले क्षार आणि इतर विरघळलेले पदार्थही मोजतं, म्हणून तिथे चाळिसाच्या वर दिसलं. माप ग्रंथातलं, वाचन यंत्रातलं, दोन्ही जुळत होती. मग ग्रंथच चुकला म्हणायचा?

उत्तर वैद्यांनीच दिलं, मला ते येत नव्हतं. थोडा वेळ वहीकडे पाहत बसले आणि म्हणाले, "द्रवद्वैगुण्य." शार्ङ्गधरसंहितेच्या सुरुवातीला परिभाषेत हा नियम आहे. गुंजेपासून कुडवापर्यंतच्या मापांत सुकं, ओलं आणि पातळ सारखंच धरायचं. प्रस्थापासून वर मात्र पातळ आणि ओल्या द्रव्यांचं माप दुप्पट घ्यायचं. आणि तुलेत सांगितलेलं माप कधीच दुप्पट करायचं नाही. अशोकारिष्टाच्या पाठात साल तुलेत आहे, काढा द्रोणात आहे. द्रोण प्रस्थाच्या वरचा. म्हणजे साल तेवढीच, गूळ तेवढाच, काढा मात्र एक द्रोण म्हटला तरी घ्यायचा दोन द्रोण, २४.५७६ लिटर.

मी लगेच दुसरा हिशेब केला. २४.५७६ अधिक ९.६, एकूण ३४ किलोंच्या आसपास. त्यात साखर ८ किलोंच्या वर. साधारण २४ टक्के. द्राक्षांच्या रसाइतकी.

हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मला झालेला आनंद लपवायचं कारण नाही. साखर मोजायचं यंत्र नव्हतं, किण्व कोणी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा मोजमापाच्या एका कोरड्या वाटणाऱ्या नियमानं संधान नेमकं किण्वाला सोसेल अशा पट्ट्यात आणून ठेवलं होतं. निदान या पाठापुरतं तरी. प्रत्येक अरिष्टाला हे असंच लागू पडेल असं मी म्हणणार नाही. काही पाठांत दुप्पट केल्यावरही साखर चढीच राहते, आणि हा नियम कुठे लावायचा यावर वैद्यांमध्ये मतं आहेत. वैद्यांच्या वडिलांच्या वहीत मापं शेर-छटाकात होती. ती मुलानं पुस्तकावरून किलो-लिटरमध्ये नव्यानं बसवताना दुपटीचं पाणी गळलं असावं.

तरी फुलाचा प्रश्न उरलाच होता. साखर जास्त होती हे खरं, पण फुलाचं काम काय, विरजणाचं की आणखी काही? कागदी हिशेबावर वैद्यांचं समाधान होणार नव्हतं आणि माझंही झालं नसतं. आम्ही चार बाटल्या भरल्या. पहिलीत जुन्याच मापाचा दाट काढा आणि मावशींची फुलं. दुसरीत दुपटीच्या मापाचा काढा आणि तीच फुलं. तिसरीत दुपटीचा काढा, फुलं अजिबात नाहीत. चौथीत दुपटीचा काढा आणि आधी उकळून थंड केलेली फुलं, म्हणजे फुलावर किण्व असलंच तर ते मेलेलं. तोंडाला कापूस लावून सगळ्या एका फळीवर ठेवल्या.

दुसरी बाटली सगळ्यांत आधी बोलू लागली. फुलं वर उचलली गेली, कडेनं बारीक फेस धरला, कान लावला की वाळूवर पाणी जिरताना येतो तसा आवाज. चौथी, उकळलेल्या फुलांची, तिच्या मागोमाग लागली. वैद्यांना हे पटेना, त्यांनी दोनदा विचारलं की चिठ्ठ्या बदलल्या तर नाहीत ना. तिसरी, बिनफुलांची, उशिरा सुरू झाली, पण झाली. तिच्यावर पुढे पांढरट साय आली आणि वास आंबूस, शिरक्याकडे जाणारा. पहिली दाट बाटली ढिम्म.

एकदाच केलेला, चार बाटल्यांचा हा प्रयोग. त्यावरून नियम काढता येत नाही. पण तो एका जुन्या अभ्यासाशी जुळतो. १९९३ साली नेदरलँड्स आणि श्रीलंकेतल्या संशोधकांनी निंबारिष्टावर काम करून दाखवलं होतं की त्यांच्या संधानात मद्य करणारे सूक्ष्मजीव धायटीच्या फुलातून आलेले नव्हते. फुलात साखर फोडणारं विकर (एन्झाइम) मात्र होतं, आणि फुलं घातल्यानं अरिष्टाची प्रतिकारशक्तीवरची क्रिया प्रयोगशाळेत वाढलेली दिसली. ती वाढ फुलातल्याच घटकांमुळे होती. दुसरीकडे, भारतातल्या प्रयोगशाळांनी धायटीच्या फुलांवरून किण्व वेगळं करून वाढवलेलंही आहे. दोन्ही खरं असायला अडचण नाही. मधानं भरलेल्या, पक्षी आणि कीटक येऊन जाणाऱ्या फुलावर किण्व असणारच. पण गुळावर, बरणीच्या कडेला, घरातल्या हवेतही ते असतं. फुलावाचून संधान अडत नाही, एवढंच.

मग फुलं कशाला? मला वाटतं, याचं उत्तर तिसऱ्या बाटलीच्या वासात आहे. धायटीत टॅनिन भरपूर असतं, इतकं की तिची फुलं कातडी कमवायला आणि कापड रंगवायला वापरली जात. आंबट करणाऱ्या कित्येक जिवाणूंना टॅनिन जड जातं, किण्व ते बऱ्यापैकी सोसतं. फुलं घातली की शर्यत किण्वाच्या बाजूनं झुकते. उकळलेल्या फुलातून विकर गेलं तरी टॅनिन राहतं, म्हणून चौथी बाटली फारशी मागे पडली नसावी. शिवाय टॅनिन काढ्यातली प्रथिनं खाली बसवतं. दुसरी आणि चौथी बाटली शेवटी स्वच्छ लाल झाली, तिसरी गढूळच. हा माझा तर्क आहे. तो मी वैद्यांना तर्क म्हणूनच सांगितला आणि त्यांनीही "असेल" एवढंच म्हटलं.

त्या दुकानी, बोंड धरलेल्या मालाचं काय? संधान अडवण्याचा गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही. पण म्हणून तो चांगला ठरत नाही. मध गेलेला, काडीकचऱ्यानं वजन वाढवलेलं, त्यामुळे सोळा पलांच्या जागी प्रत्यक्षात फूल दहाच पल पडत असेल. यात नुकसान रानाचंही आहे. फांदीच्या फांदी ओरबाडून आणली की त्यात कळी, फूल, बोंड सगळं येतं आणि बी पडायला उरत नाही. मावशी तोडतात तेव्हा एका झुडपाच्या दोन-चार फांद्यांवरची उघडी फुलंच चिमटीनं घेतात आणि पुढे जातात. वेळ दुप्पट लागतो. केंद्र सरकारनं किमान आधारभूत भाव जाहीर केलेल्या गौण वनोपजांत धायटीचं सुकं फूल आहे, पण वजनाच्या भावात असं तोडणाऱ्याला आणि ओरबाडणाऱ्याला सारखाच पैसा मिळतो. निवडून आणलेल्या मालाला वेगळा भाव घेणाऱ्यानंच द्यायला हवा. दुसरं कोण देणार?

वैद्यांनी आता तसं ठरवलं आहे. मावशींशी बोलताना मी तिथे होते. त्यांनी भाव विचारला, मावशींनी आधी "द्या तुमी काय ते" म्हटलं, मग वैद्यांनी आग्रह केल्यावर दुकानाच्या दुपटीहून थोडा जास्त सांगितला. वैद्यांनी मान्य केला आणि एक अट घातली : दरवर्षी वेगळ्या उतारावरून आणायचं. मावशी म्हणाल्या, "ते तुमी सांगाय नगं. एकाच जागी रोज कोन जातंय?"

एप्रिलमध्ये तिसरी बरणी घातली गेली, दुपटीच्या काढ्यावर, जुन्या काळपट गुळानं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं आवाज धरला. काडी तोंडाशी नेताच विझली. फुलं तळाशी बसल्यावर, आवाज थांबल्यावर आणि चुन्याची निवळी पुन्हा नितळ राहू लागल्यावर वैद्यांनी ते गाळलं. गूळही बदललेला असल्यामुळे सगळं श्रेय पाण्याच्या मापाला देता येत नाही. पण चार बाटल्यांत गूळ तोच पिवळा होता आणि तरी तीन लागल्या, हे ध्यानात घेता गुळावरचा संशय मी मागे ठेवीन.

पहिल्या दोन बरण्यांचा प्रश्न शेवटपर्यंत वादाचा राहिला. मी म्हटलं, उकळून थंड केलेलं पाणी घालून सारख्या करा. वैद्यांनी साफ नकार दिला. तयार व्हायच्या औषधात मागाहून पाणी ओतायला त्यांचं शास्त्र सांगत नाही, आणि रुग्णाला द्यायचं ते औषध आहे. त्यांचं म्हणणं मी मानलं. मे महिन्यात दुसऱ्या बरणीत क्वचित बुडबुडा दिसू लागला होता, पण गोडी तशीच होती. दोन्ही बरण्या त्यांनी रुग्णांना दिल्या नाहीत. वहीत त्या पानावर आता तीन नोंदी आहेत : काढा दोन द्रोण, गूळ जुना, फूल माघातलं, बोंड न धरलेलं, निवडून. आणि खाली, पुढच्या माघात करायचं म्हणून, बिनफुलांची एक पूर्ण मापाची बरणी.